न्यू पॅलेसची हरणं आणि विद्यापीठातली कंदीलपुष्पं: मुलांना घेऊन कोल्हापुरात एक दिवस

‘प्राणिसंग्रहालय बघायला चाललोय’ असं सांगितलं की मुलं वाघ-सिंह मनात धरूनच निघतात, आणि छत्रपतींच्या राजवाड्याच्या, म्हणजे न्यू पॅलेसच्या, फाटकाशी पोचल्यावर हिरमुसतात. म्हणून घरातूनच सांगून निघावं. हरणांचं कुंपण, तळं आणि थोडे पक्षी एवढाच तिथला पसारा आहे, निवांत बघितलं तरी तासाभरात उरकतो. वाघही आहे, पण आतल्या वस्तुसंग्रहालयात, पेंढा भरलेला. हा दिवस जमतो तो सकाळी हरणं, मग वस्तुसंग्रहालय आणि दुपारनंतर शिवाजी विद्यापीठाची वनस्पतिबाग असा क्रम लावला तर. उलटा क्रम लावू नका, कारण हरणं भर दुपारी सावलीला बसून रवंथ करतात आणि लांबून नुसते तपकिरी ढीग दिसतात.

वार मंगळवार ते शुक्रवार यांतला धरावा. सोमवारी वस्तुसंग्रहालयांची सुटी आडवी येते आणि रविवारी विद्यापीठाचा विभाग बंद असतो. महिना श्रावण किंवा भाद्रपद. तो का, ते कंदीलपुष्पांशी आल्यावर कळेल.

मध्यवर्ती बसस्थानकावरून न्यू पॅलेस दोन-अडीच किलोमीटरवर, कसबा बावड्याच्या वाटेवर आहे. चार-पाच जण असाल तर के.एम.टी.च्या शहर बसची वाट बघण्यापेक्षा रिक्षा परवडते. न्याहारी आधीच उरकून घ्या. इथली मिसळ पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइससोबत येते. मुलांसाठी कट वेगळ्या वाटीत मागा आणि दही सांगा, नाहीतर सगळी सकाळ पाणी पाजण्यात जाईल. उरलेला ब्रेड मात्र पिशवीत घालून हरणांकडे नेऊ नका. यात शिस्तीपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा आहे. हरीण रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू गवत-पाला सावकाश कुजवतात. ब्रेड, बिस्किटं, चुरमुरे पोटात गेले की पिष्ट झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. खारट हात पुसलेली प्लॅस्टिकची पिशवी तर ते मिठासाठीच चघळतं आणि ती त्या कप्प्यात कायमची अडकून बसते.

कुंपणाशी उभं राहून मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे शिंगं. चितळ आणि सांबराच्या नराची शिंगं फाटे फुटलेली, भरीव हाडाची असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते. वाढ पुरी झाली की नर ती झाडाला घासून काढतो. त्या वेळी लोंबणारी लक्तरं बघून ‘जखम झालीय’ म्हणून मुलं कळवळतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. काळवीट खरं तर हरीण नव्हेच, मराठीत आपण सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो. त्याचं पिळदार शिंग आतून हाडाचं आणि वरून नखासारख्या पदार्थाच्या आवरणाचं असतं. त्याला फाटे नसतात आणि ते जन्मात गळत नाही. एवढं डोक्यात ठेवून आत गेलं की वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींवरची शिंगं मुलं स्वतःच ओळखू लागतात. कुठलं गळणारं, कुठलं न गळणारं, यावर पैजाही लागतात.

पॅलेसची इमारत १८७७ ते १८८४ या काळात बांधली गेली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. घडीव काळ्या दगडाचं बांधकाम, मधोमध घड्याळाचा मनोरा. तळमजल्यावर शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे. आत फोटो काढता येत नाहीत, तेव्हा मोबाइल खिशातच राहू द्या. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. उन्हाची तिरीप असेल तेव्हाच त्या काचा खुलतात. शस्त्रांच्या दालनात मोठी माणसं रेंगाळतात आणि मुलं कंटाळतात, म्हणून दोन गट करावेत. पेंढा भरलेल्या जनावरांपाशी मात्र सगळ्यांनी थांबावं. कोल्हापूर संस्थानात काळवीट पकडण्यासाठी शिकवलेले चित्ते पाळले जात आणि ते सांभाळणारे चित्तेवान असत. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले. बाहेर जिवंत हरणं आणि आत ही शिकारीची दुनिया, दोन्ही पाठोपाठ बघितल्यावर मुलांचे प्रश्न थांबत नाहीत. बऱ्याच प्रश्नांना सोपी उत्तरंही नसतात.

जेवणाला तांबडा-पांढरा घेणार असाल तर पांढरा रस्सा दिसतो तेवढा सौम्य नसतो, हे लहानग्यांच्या ताटात ओतण्यापूर्वी लक्षात घ्या. शाकाहारी मंडळींचं जेवण टाऊन हॉलच्या बाजूला उरकता येतं. तिथल्या बागेत जुन्या झाडांची गार सावली आहे, जेवणानंतर अर्धा तास टेकायला उत्तम.

विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या अंगाला, सागरमाळावर. रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं लागतात. १९६२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांचा आहे, त्यामुळे ‘फाटकापासून चालत जाऊ’ हा बेत लहान मुलांबरोबर फसतो. रिक्षा थेट वनस्पतिशास्त्र विभागापर्यंत न्या. ही बाग संशोधन आणि शिक्षणासाठी आहे, तिकीट काढून आत शिरण्यासारखी नाही. आधी विभागात फोन करून किती जण येणार, मुलं किती वर्षांची, हे सांगावं. न विचारता गेलेला माणूस फार तर झाडं बघून परततो, कारण खरा ऐवज कुंड्यांमध्ये आहे आणि त्या दाखवायला जाणतं कुणीतरी लागतं.

तो ऐवज म्हणजे कंदीलपुष्पं, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. भारतात याच्या ५० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एकट्या सह्याद्रीत. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वेलींवर इथे मोठं काम केलं. फूल वीतभरही नसतं, काही जातींत तर बोटाच्या दोन पेरांएवढंच. पाच पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना जुळून कंदिलाची जाळी होते, खाली नळी आणि तळाशी फुगीर कोठी. वासाने भुलून बारकी माशी नळीत उतरते. आतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्याने उतरणं सोपं आणि चढणं अशक्य. बिचारी कोठीत अडकते आणि तिथे परागांच्या पुड्या तिला चिकटतात. मग केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते ती पुड्या घेऊन दुसऱ्या फुलाकडे. दाखवणाऱ्याला विनंती केली तर गळून पडलेलं फूल उभं चिरून आतले केस बघता येतात. त्यासाठी दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घरून आणा. वेलीवरचं फूल तोडायचं नाही, हे मुलांना आत शिरण्यापूर्वीच बजावा.

श्रावणाचं कारण हेच. या वेली कंदावर जगतात. पावसाला फुटतात, जुलै ते ऑक्टोबर फुलतात आणि थंडीत वाळून जातात. मे महिन्यात आलात तर मातीने भरलेल्या रिकाम्या कुंड्या आणि त्यांत खोचलेल्या पाट्या, एवढंच दिसेल. कंद जिवंत असतो, पण तो दाखवायला कोण उकरणार? रानात हे कंद खाण्यासाठी उकरले जातात, या वेली दुर्मीळ होण्याचं ते एक कारण आहे. शिंदळ माकुडीची कुंडी आहे का, हेही विचारा. शिवनेरीच्या कड्यांवरची ही मांसल वनस्पती, तांबडं फूल, पिवळे ठिपके.

या कुंड्या ठेवलेल्या आच्छादनाखालच्या दमट जागेत चष्मे आणि कॅमेऱ्याच्या काचा धुरकटतात. बाहेरच्या हवेत कॅमेरा दहा मिनिटं उघडा ठेवून मग आत न्या आणि पुसायला सुती रुमाल जवळ असू द्या. पाच-सहा वर्षांची मुलं आत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाहीत, तेव्हा मोठ्यांनी पाळी लावून एकाने बाहेर थांबावं. पायात चपलेपेक्षा पकड असलेले बूट हवेत. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर आजी-आजोबांना हात द्या. डास चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

गवा बघायचा हट्ट असेल तर तो इथे भागणार नाही. त्यासाठी दाजीपूरचं अभयारण्य, वेगळा दिवस काढून, आणि तेही पावसाळा उलटल्यावर, कारण पावसात जंगल बंद असतं.

पाचच्या सुमाराला परिसरातून निघताना रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगा. उतरत्या उन्हात मोर गवतातून बाहेर येतात. भाद्रपदात त्यांचे पिसारे गळायला लागतात, त्यामुळे पूर्ण पिसारा बघायचा असेल तर श्रावणाचा पहिला पंधरवडा बरा.