ठळक ताऱ्यांची पंचाईत

आकाश ओळखायला लागलेला माणूस सुरुवात ठळक ताऱ्यांपासूनच करतो. व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित, रोहिणी, मृगातला तांबूस काक्षी. नावं तोंडात बसतात, जागा पाठ होतात, आणि नकळत एक समजूत घट्ट होते की जो तारा जितका ठळक, तितकी त्याची आपल्याला जास्त माहिती असणार. मोजमापाच्या वहीत मात्र चित्र बरोबर उलटं आहे. हजार प्रकाशवर्षांवरच्या, बाराव्या प्रतीच्या (म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसणारच नाही इतक्या क्षीण), नुसताच क्रमांक असलेल्या एखाद्या ताऱ्याचं अंतर आज एका टक्क्याच्या आतबाहेर सांगता येतं. काक्षीचं विचारलं तर गेल्या तीस वर्षांत ४३०, ५५० आणि ७२० प्रकाशवर्षं अशी तीन उत्तरं मिळाली आहेत, आणि तिन्ही जाणत्या लोकांनी काळजीपूर्वक काढलेली आहेत.

आधी तेजाचंच बघू. ताऱ्यांच्या सहा प्रती लावण्याचं श्रेय इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हिपार्कसला देतात: सर्वांत ठळक ती पहिली, डोळ्याला जेमतेम दिसते ती सहावी. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसननं त्याला गणिती शिस्त लावली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, म्हणून एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. मोजपट्टी उलटी, तेज वाढलं की आकडा घटतो. व्याध उणे १.४६ वर जातो आणि सूर्य उणे २६.७ वर. या पट्टीचं शून्य फार काळ अभिजितवर टांगलेलं होतं. आणि निवड झाली ती नेमकी अडचणीच्या ताऱ्याची. अभिजितची पिवळ्या-हिरव्या फिल्टरमधली प्रत शून्य नसून ०.०३ भरते. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला त्याच्याभोवती धुळीची तबकडी असल्याचा पुरावा मिळाला, त्यामुळे दूरच्या अवरक्त किरणांत तो हवा त्याहून जास्त उजळ दिसतो. शिवाय तो प्रचंड वेगानं फिरतो, त्याचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडे रोखलेला आहे, आणि वेगानं फिरणाऱ्या ताऱ्याचे ध्रुव विषुववृत्तापेक्षा गरम असतात. मोठ्या दुर्बिणीतून तर तो सरळ मोजताच येत नाही, कॅमेरा पार आंधळा होतो.

कॅमेरा आंधळा होतो म्हणजे काय, ते सावकाश बघण्यासारखं आहे. ताऱ्याची प्रत काढण्याची रीत तशी सोपी. तारा आणि त्याच्या शेजारचा एखादा प्रत ठाऊक असलेला तारा एकाच फोटोत घ्यायचा. झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे आणि त्याच तापमानाला काढलेले काळे फोटो त्यातून वजा करायचे, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची उष्णता निघून जाते. मग संधिप्रकाशातल्या एकसारख्या आकाशाच्या फोटोनं भागायचं; त्यानं काचेवरच्या धुळीची वर्तुळं आणि कडांचा अंधार जातो. ताऱ्याभोवती त्याच्या पसरलेल्या ठिपक्याच्या साधारण दुप्पट रुंदीचं वर्तुळ काढायचं, आतला प्रकाश मोजायचा, बाहेरच्या कड्यावरून रित्या आकाशाचा उजेड काढून तो वजा करायचा. दोन ताऱ्यांच्या बेरजांचं गुणोत्तर, त्याचा लॉगॅरिथम, गुणिले उणे २.५, झाला प्रतींमधला फरक. हे नीट केलं तर प्रतीचा शंभरावा भाग पकडता येतो. डोळ्यानं अंदाज घेणाऱ्याला दहावा भाग मिळाला तरी खूप.

यातली प्रत्येक पायरी ठळक ताऱ्यापाशी अडखळते. सोळा बिटांच्या कॅमेऱ्यात एका चौकटीत, म्हणजे पिक्सेलमध्ये, ६५,५३५ पर्यंतच मोजता येतं, आणि त्याच्या बऱ्याच आधी प्रकाश आणि आकडा यांचं सरळ नातं सुटू लागतं. म्हणून शिखर चाळीस हजारांच्या आसपास ठेवलेलं बरं. शून्य प्रतीचा तारा बाराव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा ६३,००० पट तेजस्वी असतो. शेजारचे तारे नीट उमटेपर्यंत शटर उघडं ठेवलं तर ठळक ताऱ्याच्या चौकटी केव्हाच भरून ओसंडतात, आणि शटर आवळलं तर शेजारी उमटतच नाहीत. सोनाराच्या काट्यावर हत्ती उभा करण्याचाच प्रकार. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फोटो घ्यावा तर दोन नव्या भानगडी: मधून उघडणाऱ्या शटरमुळे मधल्या भागाला कडांपेक्षा जास्त वेळ प्रकाश मिळतो, आणि इतक्या थोड्या वेळात ताऱ्याचं लुकलुकणं सरासरीत मुरत नाही. म्हणून फोकस मुद्दाम बिघडवून ताऱ्याचा प्रकाश शेकडो चौकटींत पसरवतात, किंवा दुर्बीण बाजूला ठेवून साध्या कॅमेऱ्याला पन्नास मिलिमीटरची लेन्स लावतात आणि आठ-दहा सेकंदांचे पुष्कळ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतात. साध्या रंगीत कॅमेऱ्याची हिरवी वाहिनी प्रमाण पिवळ्या-हिरव्या फिल्टरच्या बऱ्यापैकी जवळ जाते, हे त्यातलं भाग्य.

आणि तुलनेला शेजारी आणायचा कुठून? पहिल्या प्रतीचे किंवा त्याहून ठळक तारे साऱ्या आकाशात वीस-बावीस. डोळ्यानं काक्षीचा अंदाज घेणारा त्याला सुमारे ०.४ प्रतीचा प्रश्वा आणि ०.९ ची रोहिणी यांच्यामध्ये बसवतो. फारच मंद झाला तर पुनर्वसूतला १.१ चा पोलक्स असतो. पण हे तारे आकाशात एकमेकांपासून वीस-तीस अंशांवर. डोक्यावरचा तारा वातावरणाच्या एका थरातून दिसतो, तीस अंश उंचीवरचा दुप्पट जाडीतून, आणि दर थराला स्वच्छ रात्रीही एक-दोन दशांश प्रत गळते. म्हणजे तुलनेचे तारे साधारण सारख्या उंचीवर येण्याची वेळ गाठायची. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, कारण बघत राहिलं की तो डोळ्याला आणखी उजळ भासू लागतो. नजर झटकन एकावरून दुसऱ्यावर न्यायची. रंगाच्या दृष्टीनं रोहिणी उत्तम जोड, पण ती स्वतःच किंचित कमीजास्त होते. असे अंदाज हजारोंनी जमवून त्यांची सरासरी काढतात, आणि आश्चर्य म्हणजे ती उपयोगी पडते.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला, तेव्हा डोळ्यांनी बघणारे आणि लहान लेन्सवाले यांच्याच नोंदी सर्वांत सलग होत्या. त्यातही दर वर्षी सूर्य आड येतो तेव्हा काही महिन्यांची फट पडतेच. ती फट भरून निघाली एका भलत्याच उपकरणानं. जपानचा हिमावारी-८ हा हवामान उपग्रह तेव्हा दर दहा मिनिटांनी पृथ्वीचे फोटो काढत होता, आणि गोलाच्या कडेबाहेरच्या काळ्या भागात अधूनमधून काक्षी येत होता. २०२२ मध्ये काही संशोधकांनी साडेचार वर्षांचे ते फोटो चाळून दृश्य आणि अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांतली त्याची प्रत काढली. ताऱ्याचं तापमान थोडं उतरलं होतं आणि नव्या धुळीनं उरलेला उजेड अडवला होता, हे त्यातून पुढे आलं. ढग मोजायला बनवलेल्या कॅमेऱ्याला काक्षी झेपला, कारण त्याला क्षीण तारे दिसावेत अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

अंतराच्या बाबतीत ही गंमत पहिल्या दिवसापासूनची आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून सहा महिन्यांच्या फरकानं बघितलं तर जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांसमोर किंचित सरकलेला दिसला पाहिजे. या सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे पराशय. एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) पराशयाच्या ताऱ्याचं अंतर एक पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं; आणि एक विकला म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू दोन किलोमीटरवरून जेवढी दिसेल तेवढी. एका विकलेइतका पराशय कुठल्याच ताऱ्याला नाही. ठळक तो जवळचा असणार, या हिशेबानं स्ट्रुव्हनं अभिजित धरला. बेसेलनं मात्र हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी हा पाचव्या प्रतीचा, अंधाऱ्या रात्रीही शोधावा लागणारा तारा निवडला, कारण तो आकाशात वर्षाला पाच विकलांहून जास्त सरकत होता. भरभर सरकतो तो जवळचा, हा तर्क तेजाच्या तर्काहून पक्का होता. १८३८ मध्ये त्याला ०.३१४ विकला पराशय मिळाला. आजचा आकडा ०.२८६, म्हणजे ११.४ प्रकाशवर्षं.

२०१३ च्या डिसेंबरात निघालेल्या गाया यानानं पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून, १०६ सीसीडींच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपांच्या) पटावर, सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांचे पराशय मोजले. चांगल्या ताऱ्यांची चूक विकलेच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी, म्हणजे ०.००००२ विकला. यानात ठळक ताऱ्यांसाठी उघडझापीचा काळ आखडण्याची सोय होती, तरीही साधारण तिसऱ्या प्रतीहून ठळक ताऱ्यांचं मोजमाप ढासळतं. ध्रुवताऱ्याचं उदाहरण मासलेवाईक आहे. तो आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड, म्हणजे ठरावीक लयीत फुगणारा आणि आकसणारा तारा. त्याची लय चार दिवसांची. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघातल्या २५ सेफीडांवरून दाखवलं की लय जितकी लांब तितका तारा मुळात तेजस्वी, आणि दीर्घिकांची अंतरं मोजण्याचं दार उघडलं. अशा पद्धतीच्या घरच्याच ताऱ्याचं अंतर तीनशेपासून पाचशे प्रकाशवर्षांपर्यंत भांडत राहावं, हे जरा लाजिरवाणंच. गायाला ध्रुवतारा नीट झेपला नाही. पण त्याच्यापासून अठरा विकलांवर एक आठव्या-नवव्या प्रतीचा सोबती आहे. त्याचा पराशय गायानं मोजला, अंतर भरलं सुमारे ४४७ प्रकाशवर्षं, आणि तेच ध्रुवताऱ्याच्या नावावर लावलं जातं.

काक्षीला असा शेजारी नाही. त्याची तबकडीच ०.०४ विकलेहून मोठी आहे (मायकेलसन आणि पीझ यांनी १९२० मध्ये माउंट विल्सनवर ती मोजली, सूर्याबाहेरच्या ताऱ्याची पहिलीच), आणि पराशय तिच्या सात-आठव्या हिश्शाएवढा. त्या तबकडीवर प्रचंड उकळते डाग येतात-जातात, त्यामुळे तेजाचा मध्यबिंदू इकडेतिकडे हलतो आणि पराशयाचं हलणं त्यात बुडून जातं. अंतर ५५० ऐवजी ७०० धरलं की मूळ तेज १.६ पट वाढतं, त्याबरोबर वस्तुमानाचा अंदाज हलतो, आणि तो अजून किती टिकेल याचाही.

वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, मात्र ठळक ताऱ्यांचं राज्य निर्विवाद. प्रकाश हवा तेवढा, रेषा बारीक फोडून बघाव्यात तितक्या. मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणामुळे त्या रेषांवरून तापमान वाचता येऊ लागलं. ऑलिन विल्सन आणि वेणू बाप्पू यांनी १९५७ मध्ये दाखवलं की थंड ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या के रेषेच्या मधोमध जी उजळ रेघ असते, तिच्या रुंदीवरून ताऱ्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे मूळ तेज, निघते. रोहिणीसारख्या ताऱ्याला ही रीत लागू पडते. अभिजितसारख्या गरम ताऱ्यात ती रेघच नसते.

वयाचा प्रश्न आला की पुन्हा क्षीण तारेच मदतीला येतात. सूर्य आपल्या गाभ्यातल्या हायड्रोजनवर सुमारे १००० कोटी वर्षं काढतो. दसपट वस्तुमानाचा तारा इंधन इतकं उधळतो की दोन-तीन कोटींत आटोपतो. एकट्या ताऱ्याकडे बघून त्याचं वय सांगणं कठीण, म्हणून एकाच वेळी जन्मलेला गुच्छ घेतात. कृत्तिकांचे शेकडो तारे निळ्या आणि पिवळ्या फिल्टरमधून मोजायचे, दोन प्रतींचा फरक म्हणजे रंग, तो आडव्या अक्षावर आणि प्रत उभ्या अक्षावर. तारे एका तिरप्या पट्ट्यात येतात आणि वरच्या टोकाला पट्टा जिथे वळतो तिथून वय निघतं. गुच्छातले नसलेले तारे त्यांच्या सरकण्यावरून गाळावे लागतात. न सुटलेल्या जोड्या पट्ट्याच्या वर ०.७५ प्रतीवर तरंगतात, कारण दोन सारख्या ताऱ्यांचं तेज दुप्पट आणि दुप्पट म्हणजे तेवढीच प्रत. खरी अडचण अशी की वळणाच्या टोकाला तारे मोजकेच, तेही नुसत्या डोळ्यांना दिसणारे आणि गरगर फिरणारे. त्या टोकावरून कृत्तिकांचं वय जुन्या अंदाजांत सात-आठ कोटी वर्षं निघत होतं. १९९८ मध्ये पार खालच्या, अत्यंत क्षीण टोकाकडून दुसरा आकडा आला. छोट्या ताऱ्यांचा गाभा पुरेसा तापला की त्यांच्यातला लिथियम जळून जातो. किती वस्तुमानापर्यंतच्या ताऱ्यांत लिथियम उरलाय ती सीमा काळाबरोबर खाली सरकते. ती सीमा सुमारे साडेबारा कोटी वर्षं सांगते, आणि आता जास्त विश्वास तिच्यावर आहे.

व्याधाचं वयसुद्धा त्याच्या सोबत्याकडूनच कळतं. व्याध आकाशात सरळ न जाता डुलत जातो, यावरून १८४४ मध्ये बेसेलनंच अदृश्य जोडीदाराचं अनुमान केलं आणि १८६२ मध्ये अल्व्हन क्लार्कला नव्या भिंगाची चाचणी घेताना तो दिसला. पृथ्वीएवढा आकार, सूर्याएवढं वस्तुमान: श्वेतबटू. तो किती निवलाय यावरून आग विझून सुमारे बारा कोटी वर्षं झाली असं निघतं. मूळ तारा पाच सूर्यांएवढा असावा, त्याच्या जळण्याला दहाएक कोटी, एकूण जोडीचं वय तेवीस कोटींच्या आसपास. आठव्या प्रतीचा हा ठिपका एरवी छोट्या दुर्बिणीतही सहज दिसला असता, पण शेजारी त्याच्या नऊ हजार पट तेजाचा व्याध आहे. पन्नास वर्षांच्या फेऱ्यात दोघांमधलं अंतर तीन ते अकरा विकलांमध्ये बदलतं, आणि सध्या ते जवळजवळ पूर्ण फाकलेलं आहे. वीस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी दुर्बीण लागते, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्यावा लागतो, व्याध मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, आल्यावर बघावं लागतं आणि हवा इतकी स्थिर हवी की त्याचं नेहमीचं रंगीबेरंगी लुकलुकणं जवळपास थांबलेलं असेल. डोळ्याजवळच्या भिंगाच्या नळीत पातळ पट्टी बसवून व्याध तिच्याआड झाकला तर सोबती दिसण्याची शक्यता बरीच वाढते.