लाल जर्सीवरचा पांढरा आकडा : आमची वाटचाल

फुटबॉलच्या जर्स्या शिवणाऱ्या आमच्या फर्मचं वय वर्षांत मोजायची घरात सवय नाही. मेक्सिको धरून कतारपर्यंत दहा वर्ल्ड कप झाले, एवढं सांगितलं की पुरतं. सुरुवात गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आईच्या पायाच्या उषा मशीनवर झाली. १९८२ च्या संपात बाबांची गिरणी सुटली आणि फॉल-बीडिंग, ब्लाऊज, परकर यांवर घर चालू लागलं. १९८६ ला दूरदर्शनवर अर्जेंटिनाचा मॅराडोना दिसला आणि चाळीतल्या पोरांना आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट हवा झाला. बाजारात तो मिळत नव्हता.

पहिले शर्ट पॉपलिनचे. पट्टी ८ सेंटिमीटरची कापायची, दोन्हीकडून १-१ सेंटिमीटर शिलाईत जातो, दिसायला उरते ६. अशा ९ पट्ट्या जोडल्या की ५४ सेंटिमीटरचा पुढचा भाग तयार, आणि आकडा विषम असल्यामुळे एक पट्टा बरोबर छातीच्या मधोमध येतो. ८ पट्ट्या घेतल्या की मध्ये शिवण येते आणि शर्ट सर्कसवाल्याचा वाटतो. पॉपलिन ताणत नाही, म्हणून गोल गळ्यातून डोकं जाईना. पुढे १२ सेंटिमीटर चीर देऊन पट्टी बसवली, दोन बटणं लावली. तेव्हापासून लोक आमच्याकडे येऊ लागले.

त्याच स्पर्धेतली एक गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ हवी. २२ जूनला इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाला निळी जर्सी घालायची होती आणि त्यांची सुती निळी जर्सी त्या उन्हात जड पडत होती. प्रशिक्षक बिलार्दोंनी मेक्सिको सिटीच्या दुकानांतून हलक्या निळ्या जर्स्या आणवल्या. त्यांवर बिल्ले घाईघाईने शिवले गेले, आणि पाठीवरचे चंदेरी आकडे अमेरिकन फुटबॉलचे होते, इस्त्रीने चिकटवलेले. मॅराडोनाचे ते दोन्ही गाजलेले गोल त्या जर्सीत झाले. जगातली सगळ्यात प्रसिद्ध जर्सी आयत्या वेळच्या ऑर्डरची आहे, हे आमच्या मास्तरांचं आवडतं वाक्य. पण आयत्या वेळच्या ऑर्डरला ते स्वतः कधी हो म्हणाले नाहीत.

मास्तर म्हणजे आमचे पहिले भागीदार. होजिअरीत, म्हणजे विणलेल्या कापडात, कटिंग करायचे, बारा इंची कात्री आणि पुठ्ठ्याचे पॅटर्न घेऊन आले. विणलेलं कापड कसं वागतं ते आम्हांला त्यांनी शिकवलं. थान सोडल्यावर कापड लगेच कापायचं नाही, एक दिवस टेबलावर सैल पडू द्यायचं. गुंडाळताना ते ताणलेलं असतं. घाईने कापलंत तर सकाळी ४० ची जर्सी संध्याकाळी ३८ होते. साध्या मशीनचा सरळ टाका होजिअरीवर चालत नाही. कापड ताणतं, टाका ताणत नाही, म्हणून खांद्यावर पहिल्याच खेळात कडकड दोरा तुटतो. त्यासाठी चार दोऱ्यांचं ओव्हरलॉक, म्हणजे कड गुंडाळत जाणारी ताणणारी शिवण, बॉटमला, म्हणजे खालच्या दुमडीला, फ्लॅटलॉकची सपाट ताणणारी शिवण आणि खांद्याच्या शिवणीत न ताणणारी टेप.

घरी हौसेने शिवणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकतो, कारण फोनवर रोज कोणीतरी विचारतंच. ओव्हरलॉक नसेल तर झिगझॅग लावा, रुंदी १, लांबी अडीच. झिगझॅगही नसेल तर पॉलिस्टरचा दोरा, वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल, कापड हातांनी किंचित ताणून दोन ओळी टाका. सुई बॉलपॉइंटच हवी, ११ नंबर, म्हणजे पाकिटावर ७५ लिहिलेली. टोकदार सुई विणीचा फास कापते. त्या दिवशी काही दिसत नाही, दोन धुण्यांनंतर शिवणीलगत भोकांची रांग उभी राहते आणि गिऱ्हाईक कापडाला शिव्या देतं. गळ्याची रिब, म्हणजे गळ्याला लावायची ताणणारी पट्टी, गळ्याच्या मापाच्या ८५ टक्के घ्या. गळा ४६ सेंटिमीटर असेल तर रिब ३९. गळा आणि रिब दोन्हींवर चार समान खुणा करा, खूण खुणेला लावा आणि फक्त रिब ताणा. गळा ताणलात तर तो भजीसारखा फुगतो.

१९९० ते २००४ चाललं. कुर्ल्यात गाळा घेतला, मशीनं वाढली. २६ जुलै २००५ ला तो गाळा पाण्यात गेला. त्या दिवशी मुंबईत सगळ्यांचंच झालं, वेगळं काय सांगायचं. मशीनच्या हेडना रॉकेलने आंघोळ घातली, मोटारी वाइंडिंगला पाठवल्या, कापड टाकून दिलं. पॅटर्न मात्र वाळवून ठेवले, आणि त्यांत ३८ साईजच्या बाहीचा पुठ्ठा भिजून ताणला गेला. बाहीची खूण ६ मिलिमीटर पुढे सरकली. आमचे कारीगर ती सवयीने सांभाळून घेतात. नवा पुठ्ठा कापायचं राहूनच गेलं. हे पुढे कामाला आलं, म्हणून लक्षात ठेवा.

आता २०१४. ब्राझीलची स्पर्धा १२ जूनला सुरू होणार होती, त्याच्या आधल्या आठवड्यात फोर्टातल्या एका दुकानदाराच्या ४०० लाल जर्स्या होत्या. पुढे लहान आकडा, मागे मोठा, दोन्ही पांढरे. कापड तयार रंगवलेलं लाल पॉलिस्टर, आकडे पांढऱ्या व्हिनाइलचे, म्हणजे पातळ प्लास्टिकचे, प्लॉटर या कापायच्या यंत्रावर कापून हीट प्रेसने, म्हणजे गरम दाबाने, बसवायचे. १६० अंश, १५ सेकंद. प्रेसवरून उतरलेला आकडा दुधासारखा पांढरा. गरम असतानाच घड्या पडल्या, पिशव्या भरल्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून माल गेला. तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन : आकडे गुलाबी आहेत.

कारण समजून घ्या, कारण आजही लोक हीच चूक करतात. पॉलिस्टर रंगवतात डिस्पर्स रंगाने. तो धाग्यात उष्णतेने शिरतो आणि पुरेशी उष्णता मिळाली की वाफ होऊन पुन्हा बाहेर निघतो. वर व्हिनाइल असेल तर त्यात मुरतो. लाल आणि मरून सगळ्यांत वाईट. प्रेसवर ही गळती सुरू होते आणि गरम गठ्ठ्यात तशीच चालू राहते, म्हणून पहिल्या दिवशी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. धुऊन जात नाही, कारण डाग वर नसतो, आत असतो. आम्ही गुलाबी आकड्यावर दुसरा पांढरा आकडा चढवून पाहिला. तोही आठवड्यात गुलाबी झाला, शिवाय पाठ पुठ्ठ्यासारखी कडक. आकडा काढून पाहिला, तर गोंदाची सावली राहिली. चारशेच्या चारशे परत आल्या. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्यामुळे पोतेरं म्हणूनही कोणी घेईना.

त्या पावसाळ्यात समोरच्या गाळ्यातल्या शेजाऱ्यांनी गावभर सांगितलं की यांच्या जर्स्या रंग सोडतात. हे शेजारी कोण, तर मास्तरांच्या हाताखाली दोन वर्षं काम शिकून वेगळे झालेले. वेगळं व्हायला आमची ना नव्हती. पण दिवाळीपर्यंत आमची चार दुकानं त्यांच्याकडे गेली होती, पीसमागे ४० रुपये कमी दराने. ४० रुपये कुठून कमी होतात ते पाहायला त्यांची एक जर्सी विकत आणली आणि उलटी केली. तुम्हीही हेच करा, जर्सी नेहमी उलटी करून घ्यावी. आमचं कापड १५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम, त्यांचं १२०. कापड किलोवर येतं, म्हणजे आमच्या ४ किलोत २० पीस निघतात, त्यांच्या २५. ओव्हरलॉक तीन दोऱ्यांचं. खांद्याला टेप नाही. बॉटमला टाके इतके लांब की इंचात सहा-सात, आमच्याकडे दहाच्या खाली जात नाहीत. हेही धंद्यात चालतं म्हणून सोडून दिलं असतं. पण ती जर्सी होती ३८ ची, आणि तिची बाही बरोबर ६ मिलिमीटर पुढे वळत होती. भिजलेला पुठ्ठा छापून नेला होता, चुकीसकट! मास्तरांनी ती बाही टेबलावर पसरली, आपला पॅटर्न वर ठेवला आणि चहा न घेता घरी गेले.

तोंडावर जाब विचारला नाही. विचारायला हवा होता, असं घरात अजून म्हणतात.

त्या वर्षी एकच गिऱ्हाईक हललं नाही, कोल्हापूरच्या एका पेठेतल्या तालमीचे सर. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. तिथे तालमीच्या संघाची जर्सी फाटली तर पेठेची अब्रू फाटते. सर दर हंगामाला ३० जर्स्या मागवतात आणि हंगाम संपला की फाटलेल्या परत पाठवतात, पैशासाठी नाही, कुठे फाटली ते बघायला. सोबत चिठ्ठी : ‘डावी काख, ७ नंबर, दुसरा सामना.’ सगळ्या काखेतच फाटायच्या. तिथे बाहीची आणि बाजूची शिवण एकमेकींना छेदतात, दोन्हींची मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेर उरलेली कड, एकाच अंगाला वळली तर जाड गाठ होते आणि सुई तिथेच टाका सोडते. उपाय साधा आहे. एक मार्जिन पुढे वळवा, दुसरी मागे, आणि लूपरमध्ये, म्हणजे ओव्हरलॉकच्या फास घालणाऱ्या भागात, साध्या दोऱ्याऐवजी मऊ, ताणणारा दोरा घाला. पुढच्या वर्षी चिठ्ठीत काख नव्हती. गुलाबी आकड्यांची बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘आमच्यावेळी काय करणार?’

उत्तर होतं सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून तो धाग्यात उतरवणारी छपाई. लाल कापडावर पांढरा आकडा लावायचाच नाही. पांढऱ्या कापडावर लाल छापायचं आणि आकड्याची जागा कोरी सोडायची. आकड्याचा पांढरा हा कापडाचाच पांढरा, तो गुलाबी कशाने होणार? कर्ज काढून प्रिंटर आणि मोठा प्रेस घेतला. कागदावर उलटं छापायचं, कापडावर ठेवून २०० अंशाला ४५ सेकंद दाबायचं. आधी कोरं कापड पाच-सहा सेकंद दाबून दमटपणा घालवायचा; मुंबईच्या जुलैत हे टाळलंत तर रंगात ढग येतात. कागद केसभर हलला तर आकड्याला सावली पडते. कापडाला घडी राहिली तर पांढरी रेघ येते, ती नंतर भरता येत नाही. सुतीवर हे चालत नाही. मिक्स कापडावर रंग फिका बसतो आणि विकणारा ‘विंटेज’ म्हणून विकतो.

क्रोएशियाच्या जर्सीवरच्या लाल-पांढऱ्या चौकटींनी आम्हांला १९९८ ला छळलं होतं. २०१८ ला ते फायनलला गेले तेव्हा छपाईमुळे काम सोपं झालं, फक्त एक धडा शिकून. साईज वाढवताना डिझाइन ताणायचं नाही. चौकट सगळ्या साईजना तेवढीच ठेवायची आणि कडेने जास्त छापायची, नाहीतर ३४ आणि ४४ शेजारी उभे राहिले की दोन वेगळे देश वाटतात. बाजूची शिवण खालून वर मारायची, म्हणजे जो फरक पडेल तो काखेत लपतो. ब्राझीलचं वेगळंच. १९५० च्या वर्ल्ड कपमध्येही ते पांढऱ्यातच खेळले. घरच्या मैदानावर उरुग्वेकडून हरल्यावर एका वर्तमानपत्राने नव्या पोशाखाची स्पर्धा घेतली, अट अशी की झेंड्यातले चारही रंग हवेत. दिसायला सुंदर, पण पिवळ्याला हिरवी रिब लावणाऱ्याचं मरण. हिरवी सुती रिब आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. फडक्यावर हिरवं उतरलं तर ती रिब परत करा.

कंपनीचा लोगो किंवा महासंघाचा बिल्ला आम्ही लावत नाही. रंग देशाचे, आकडा तुमचा, नाव तुमचं. याने धंदा थोडा जातो, झोप लागते. आणि नावांची यादी एकाच माणसाने, एकदाच, टाइप करून पाठवावी. ‘श्री’ आणि ‘श्रि’वरून आमच्याकडे जेवढे पीस वाया गेलेत तेवढे मशीनच्या चुकीने गेलेले नाहीत.

आता डिझाइन मुलगा बघतो, हिशेब आणि माल तपासणं बायकोकडे, आई गाळ्यावर येत नाही. ती चिंध्या मागवते. दहा वर्ल्ड कपांच्या कतरनींची गोधडी चालू आहे. जर्सीचं कापड गोधडीला अवघड, टाका घालताना सरकतं. ती प्रत्येक तुकड्याच्या मागे जुन्या सुती लुगड्याचा तुकडा कच्चा टाचते, मगच जोडते, आणि मध्ये आणखी दोन लुगडी. टाका तांदळाएवढा, ओळ बोटभर अंतरावर. गुलाबी आकड्यांच्या लाल जर्स्या तिने मागितल्या होत्या. एक कोपरा त्यांचा आहे.

२०२६ पासून ३२ ऐवजी ४८ संघ, म्हणजे रंग दीडपट. मास्तर आता बसून काम करतात, ३८ ची बाही त्यांनी नव्या पुठ्ठ्यावर कापली. समोरचा गाळा अजून जुन्याच मापाने चालतो. परवा त्यांचा मुलगा ११ नंबरच्या बॉलपॉइंट सुया मागायला आला, त्यांच्या संपल्या होत्या आणि दुकान बंद. एक पाकीट दिलं. पैसे अजून यायचे आहेत.