हिरवी रेघ

वार्षिक अहवाल पाठवायला दोन दिवस उरले होते आणि आमच्या विमानतळाच्या विजेच्या आलेखावरची रेघ छान हिरवी होती. प्रवाशामागे लागणारी वीज ठरवल्यापेक्षा कमी. साहेबांनी पहिल्या पानाचा मथळासुद्धा सुचवून ठेवला होता. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. ही घट सगळीकडे थोडी थोडी नव्हती. जवळपास सगळी एरोब्रिजकडच्या (विमानाला जोडणाऱ्या पुलांकडच्या) एकाच फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर होती. नुसते दिवे बदलून एवढा फरक पडत नाही.

दुपारी तीनला जाकीट चढवून एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसबंदीवर गेले. डोळ्यांच्या आधी कानांनाच कळलं. उभ्या विमानाच्या शेपटीकडून तो ओळखीचा, दातांत शिरणारा आवाज येत होता. एपीयू चालू! उभ्या विमानाला वीज आणि हवा पुरवणारं शेपटीतलं हे छोटं इंजिन बंद राहावं म्हणून तर आम्ही प्रत्येक स्टँडवर 400 हर्ट्झची वीज आणि थंड हवा दिली होती. अहवालात त्या ओळीपुढे ‘पूर्ण’ असा शेरा होता. माझ्याच हातचा.

केबल गुंडाळलेली. हवेचा पिवळा होज जमिनीवर अजगरासारखा पसरलेला. जोडाजवळ हातभर चीर, तिच्यावर चिकटपट्टीचे थरावर थर, तेही सुटलेले. यंत्र सुरू करायला लावलं आणि होजच्या तोंडाशी हात धरला. कोमट फुंकर.

“किती दिवस असं आहे?” ग्राउंड हँडलिंगच्या मुलाला विचारलं.

“मॅडम, हा लावला की दहा मिनिटांत केबिन तापते. मग कॅप्टन एपीयू चालूच ठेवतात. आणि तो चालू असताना केबल कशाला ओढायची? उचलून तर बघा.”

उचलून पाहिली. पुढे काही विचारलं नाही.

ऑफिसात येऊन हिशेब मांडला. मध्यम आकाराच्या विमानाचा एपीयू तासाला साधारण 100 किलो इंधन पितो. किलोमागे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तासाला 300 किलोच्या वर. पण तो आमच्या खात्यात येतच नव्हता! एअरपोर्ट कार्बन अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे विमानतळांना कार्बन कमी करण्याबद्दल प्रमाणपत्र देणारी योजना. तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर विमानतळाने स्वतः जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेली वीज एवढंच मोजावं लागतं. विमानांचा धूर तिसऱ्या पायरीपासून हिशेबात येतो. आम्ही दुसरीवर. त्यात स्टँडच्या विजेला विमान कंपनीनिहाय मीटर नाहीत. म्हणजे विमानाने आमची वीज घेतली की आकडा आमच्या नावावर चढणार, आणि त्याने एपीयू जाळला की आम्ही शाबासकीला पात्र.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे होज दुरुस्त केला की आपलं लक्ष्य हुकणार?”

“बहुतेक हो.”

मथळा गेला. ‘पूर्ण’ खोडून मी ‘बसवलं आहे, वापर नाही’ असं लिहिलं. त्यावर दोन सह्या मिळवायला अख्खा दिवस गेला, तो वेगळाच किस्सा. नवे होज यायला सात आठवडे लागले, त्यातले पाच फाइल फिरण्यात.

पुढच्या तिमाहीत त्या फीडरचा आकडा चढला आणि रेघ लाल झाली. साहेबांनी कागद लांब धरून पाहिला. म्हणाले, “हा रंग तेवढा बदलता येतो का गं?”