जुने ‘कॉन्स्टेलेशन’ पारखून घेताना : माझा अनुभव

जुन्या घड्याळांचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. तरी ज्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागते असे स्विस घड्याळ घेण्याची तयारी मी फार सावकाश केली. निवड ठरलेली होती : ओमेगाचे ‘कॉन्स्टेलेशन’, आणि तेही संग्राहक ज्याला ‘पाय-पॅन’ म्हणतात त्या बारा पैलूंच्या तबकडीचे, जिचा मधला भाग उंच व सपाट असतो आणि कडा बाहेरच्या बाजूला उतरत जाते. १९५२ मध्ये बाजारात आलेली ही मालिका क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेच्या अधिकृत चाचणीत उतरलेले घड्याळ, म्हणून प्रमाणित होती. मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे कोरलेले असतात. अचूकतेच्या स्पर्धांमधल्या कंपनीच्या यशाची ती खूण आहे.

मुंबई-पुण्यात अशी घड्याळे मिळतच नाहीत असे नाही. अडचण असते ती तबकडीची. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती आणि सुटे भाग सहजासहजी मिळत नसत, त्यामुळे डाग पडलेली तबकडी नव्याने रंगवून घेणे हाच आपल्याकडचा रिवाज झाला. ज्या कारागिरांनी हे काम केले त्यांच्या हातात कसब होते, आणि ज्याला रोज वेळ पाहण्यासाठी घड्याळ हवे होते त्याची त्यांनी उत्तम सोय केली. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र रंगवलेली तबकडी म्हणजे घड्याळाचा मूळ चेहराच गेलेला असतो, आणि जगभरचे खरेदीदार अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून बाजूला सारतात. हे नाव ऐकून मला आजही वाईट वाटते, पण तबकडी पाहताना मी कसलीही सवलत दिली नाही.

पाहण्याची माझी पद्धत अशी होती. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आधी पैलूंच्या कडा पाहायच्या, कारण नव्या रंगाचा आणि लॅकरचा थर चढला की त्या बोथट होतात. मग सहाच्या आकड्यावर बसवलेला तारा आणि तासांच्या खुणा यांच्या बुडाशी रंग साचला आहे का ते पाहायचे. मिनिटांच्या रेषा सर्वत्र सारख्या जाडीच्या आहेत का, ‘ऑफिशियली सर्टिफाइड’ ही बारीक ओळ सरळ आणि रेखीव आहे का, हे तपासायचे. काळ्या तबकडीच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे लागते, कारण खराब झालेली फिकट तबकडी काळी करून घेणे फार सोपे असते. चकचकीत, निर्दोष दिसणारी बरीच घड्याळे मी या एका कसोटीवर नाकारली आणि शेवटी मुंबईतल्या एका कुटुंबाकडचे असे घड्याळ पसंत केले, ज्याच्या चंदेरी तबकडीवर एका बाजूला पिवळसर झाक आली होती, पण छपाई शाबूत होती.

कागदपत्रांचा आधार घ्यावा, तर तोही मार्ग तेव्हा अरुंद झाला होता. २०२१ मध्ये जिनिव्हातील लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेलेले एक ओमेगा ‘स्पीडमास्टर’ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेले होते, असे २०२३ मध्ये उघड झाले आणि त्यानंतर कंपनीने आपल्या दफ्तरातील नोंदींचा उतारा देण्याची सेवा थांबवली. त्यामुळे घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, ही अट मी पहिल्याच भेटीत घातली. एका विक्रेत्याने ती मानली नव्हती. तिथे मी पुढे बोललोच नाही. या कुटुंबाने मात्र आनंदाने होकार दिला.

घड्याळ उघडले ते माझ्या नेहमीच्या घड्याळजी काकांनी. झाकण फिरवून काढल्यावर त्यांनी ते उलटे करून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “आधी आतला नंबर वाचा, मग मशीनवरचा. दोन्ही जुळले तरच पुढचं बोलू.” झाकणाच्या आत १६८.००५ हा मॉडेल क्रमांक होता. तांबूस झळाळीच्या मशीनवर ५६१ हा कॅलिबर (मशीनच्या प्रकाराचा क्रमांक) आणि २१ ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक होता. प्रचलित तक्त्यांप्रमाणे तो १९६४ च्या सुमाराचा ठरतो, म्हणजे मॉडेल आणि मशीन यांचा काळ जुळत होता. काकांनी मग मशीनवरचा मजकूर दाखवला, ज्यात पाच स्थितींत आणि तापमानानुसार जुळवणी केल्याचा उल्लेख असतो. तो पाहणे महत्त्वाचे असते, कारण याच घराण्यातले ५६२ हे क्रोनोमीटर नसलेले मशीन बाहेरून जवळपास तसेच दिसते आणि ‘कॉन्स्टेलेशन’च्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचात, सहज बसते. चावी, म्हणजे वेळ लावण्यासाठी बाजूला असते ती फिरकी, मात्र मूळची नव्हती. त्या काळची दहा पैलूंची चावी हवी होती, आणि तेवढ्यापुरती किंमत कमी करून घेण्यात दोन्ही बाजूंना काही अडचण आली नाही.

खरेदीनंतर सर्व्हिसिंग झाले. सगळे भाग सुटे करून धुतले, तेल दिले, मुख्य स्प्रिंग बदलली. टायमिंग मशीनवर ४९ अंशांचा लिफ्ट अँगल (मोजणीसाठी घड्याळाच्या मशीननुसार भरावा लागणारा कोन) लावून तपासल्यावर घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जात होते, आणि साठ वर्षांच्या यंत्राकडून मी याहून अधिक अपेक्षा करणार नाही. काच जुनीच ठेवली, कारण तिच्या मध्यभागी आतून उमटवलेले ओमेगाचे चिन्ह भिंगातून दिसत होते. केसला पॉलिश करू दिले नाही. पट्टा अडकवायच्या केसच्या कानांवरच्या धारदार कडा एकदा घासल्या गेल्या की त्या परत येत नाहीत. तबकडीला कोणी हात लावायचा नाही, हे काकांना सांगावे लागले नाही.

दहा पैलूंची चावी काही महिन्यांनी मिळाली आणि ती बसवून घेतली. काढलेली चावी, जुनी स्प्रिंग, कामाची पावती आणि उघड्या मशीनची छायाचित्रे मी एका पाकिटात घड्याळाबरोबर ठेवली आहेत, म्हणजे पुढे ते ज्याच्याकडे जाईल त्याला यातले काय बदलले आणि काय मूळचे आहे हे कोणाला विचारत बसावे लागणार नाही.