बुरूज तिसऱ्यांदा ढासळला तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात विटा रचून, त्यांवर ओले गोणपाट अंथरून आम्ही राजगड करायला घेतला. सुवेळा आणि संजीवनी या माच्या कशाबशा उभ्या राहिल्या; बालेकिल्ल्याचा बुरूज मात्र तिसऱ्यांदा ढासळला. माझ्या सहा वर्षांच्या मुलाने हातातला चिखलाचा गोळा भिंतीवर भिरकावला आणि "मला नाहीच करायचा किल्ला" म्हणत पाय आपटायला सुरुवात केली.

पूर्वी अशा वेळी मी "एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडतोस" असे म्हणून स्वतःच बुरूज लिंपून मोकळी होत असे. आता ती घाई मला चूक वाटते, कारण भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो. मग सहाव्या वर्षी उपदेश कुठून पचणार? मी एवढेच म्हणाले, "तीनदा पडला, राग येणारच. चल, हात धुऊन येऊ." नळाखाली बोटांच्या बेचक्यांतला चिखल सुटेपर्यंत त्याचे हुंदकेही थांबले. (ही युक्ती माझ्या आईची, तिला मेंदूचे शास्त्र ठाऊक नव्हते.)

परतल्यावर मी माती त्याच्याच हाती दिली आणि ती कशी लागते, ते विचारले.

"पचपचीत आहे, आई."

मग त्याने स्वतःच कोरडी माती मिसळली आणि बुरूज बुटका, पण रुंद बांधला. संध्याकाळी उतारावर अळीव पेरताना त्याने तो दोनदा बोटाने दाबून पाहिला.