पैशावरचं कुठलं पुस्तक वाचू? तुम्ही विचारलंत म्हणून

बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या लहान दुकानदारांचे आणि मागवाल्यांचे (विणकरांचे) हिशेब लिहिणं, त्यांचं जीएसटी भरणं हा माझा धंदा. त्यात वाचनाचा नाद. त्यामुळं एक प्रश्न ठरलेला: "काका, पैशाचं डोकं यायला कुठलं पुस्तक वाचू, सांगा की." विचारणारा बहुधा गिऱ्हाइकाचा मुलगा असतो. मोबाइलवर दहा पुस्तकांची यादी त्यानं बघितलेली असते, त्यातलं एकच वाचायची तयारी असते.

एकच वाचणार असलात तर 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' वाचा. पातळ आहे, मराठीत मिळतं. जॉर्ज क्लेसन हा अमेरिकेतला नकाशे छापणारा माणूस, पुस्तक 1926 सालचं. मिळकतीचा दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढा, मग बाकीचा खर्च, हे त्याचं मुख्य सांगणं. (या गोष्टी सुरुवातीला बँका आणि विमा कंपन्या लोकांना छापून वाटत. साठवा, साठवा हा सूर का, ते ओळखून वाचा.)

हेच आपल्याकडं पुस्तकाशिवाय चालू आहे. पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेनं 1928 साली पिग्मी नावाची रोजची ठेव काढली. रोज दोन आणे, आणि ते न्यायला माणूस दारात. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र गल्लोगल्ली आहे. दिवे लागले की पिग्मीवाला येतो, दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच गल्ल्यातून पन्नासची नोट काढून देतो, मशीनमधून चिठ्ठी येते, ती तारेला टोचली की झालं. रोजचे 50 म्हणजे वर्षाला 18,250. क्लेसनचं अर्धं पुस्तक त्या तारेवर लटकलेलं आहे.

उरलेलं अर्धं मात्र आपल्याला येत नाही. साठलेला पैसा कामाला लावा, आणि तो कुणाच्या हातात देताय ते बघा, असं तो सांगतो. आमची पिग्मी गणपतीला नाहीतर लग्नाला मोडते. मुदतीआधी मोडली की व्याज जवळपास नाहीच, काही ठिकाणी वर कमिशन कापतात. दुसरं, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या किंवा सौहार्द सहकारीतल्या (आपल्या कर्नाटकातल्या पतसंस्थेसारख्या संस्था) ठेवीला तो नसतो. पाटीवर नाव मोठं, चेअरमन ओळखीचा, व्याज अर्धा टक्का जास्त, एवढ्यावर आपण आयुष्याची पुंजी ठेवून येतो. अमेरिकेतलं कुठलंही पुस्तक हे सांगणार नाही.

'रिच डॅड पुअर डॅड' सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 1997 चं, रॉबर्ट कियोसाकीचं. खिशात पैसा आणते ती मालमत्ता, खिशातून काढते ती देणेदारी, एवढी त्यातली फोड घ्या. दारातली हप्त्याची बुलेट कशात मोडते ते लगेच कळेल. कर्ज काढून जागा घेत सुटण्याचं प्रकरण मात्र सोडून द्या. आणि गरिबी ही मनाची सवय आहे, असा या जातीच्या पुस्तकांचा एकूण रोख मला पटत नाही. निपाणीच्या तंबाखू पिकवणाऱ्यांची मानसिकता ठणठणीत होती, दर व्यापाऱ्याच्या हातात होता. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर त्यांनी हमरस्ता अडवला, गोळीबारात शेतकरी मेले. त्यांना कुणी माइंडसेट शिकवायचा?

शिवाय ही पुस्तकं पगारदाराला धरून लिहिलेली. अथणी-चिकोडीकडं उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा येतं. मागवाल्याचं लग्नसराईत जोरात, आषाढात थंड. अशा घरात दरमहा दहावा हिस्सा काढायला गेलात तर तिसऱ्या महिन्यात नाद सोडाल. बिल खात्यावर पडलं त्याच दिवशी हिस्सा काढा, आणि थंड महिन्यांचा घरखर्च वेगळा बांधून ठेवा. पेरणीचं बियाणं आपण खात नाही, तसंच ते.

दुसरं वाचायचं असेल तर मॉर्गन हाऊजेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी', 2020 चं. मला सगळ्यांत आवडलेलं हेच. सुरुवातीलाच रोनाल्ड रीडची खरी गोष्ट आहे: पेट्रोल पंपावर गाड्या दुरुस्त केल्या, दुकानात झाडू मारला, आणि 2014 मध्ये 92 व्या वर्षी गेला तेव्हा नावावर 80 लाख डॉलर. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि विकायची घाई केली नाही, बस्स. 6 टक्क्यांनी पैसा दुप्पट व्हायला 12 वर्षं लागतात, आणि आपल्याला बारा महिने धीर नसतो. इंग्रजीवरून आलेलं नको असेल तर प्रफुल्ल वानखेडेंचं 'गोष्ट पैशापाण्याची' मुळातच मराठीत आहे. बेंजामिन ग्रॅहमचं 1949 चं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' थोर आहे, पण ताळेबंद वाचता येत नसेल तर कपाटातच शोभेल.

मात्र अंगावर शेकडा तीनचं कर्ज असेल तर यातलं काहीच आधी नको. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. लाखामागं 36 हजार नुसतं व्याज. ते फेडण्याइतका परतावा देणारा शेअर शोधत बसू नका. बायकांच्या नावावर मायक्रो फायनान्सचे (गटाला छोटं कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे) गट घराघरात आहेत, आठवड्याच्या हप्त्यासाठी दमदाटी झालेली आहे. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं वटहुकूम काढून सक्तीच्या वसुलीला चाप लावला. पोलिसांत जाता येतं, हे दारात हप्तेवाला बसलेला असताना किती जणींना ठाऊक असतं? सरकारी कागद कन्नडमध्ये, बाई मराठीत वाचणारी. या कायद्यावर कुणी मराठीत वीस पानांची पुस्तिका काढली तर माझ्या यादीत ती क्लेसनच्याही वर जाईल.