जिप्सीचा मोठा ऑइल फिल्टर: गळती सापडली, गॅस्केटचा काही दोष नव्हता

सापडलं एकदाचं! तीन आठवड्यांपासून फिल्टरच्या गळ्यातून जे तेल गळून राहिलं होतं त्याचं कारण रविवारी दुपारी हातात आलं, आणि ते गॅस्केट (फिल्टरच्या तोंडावरचं रबर) नव्हतं, ब्लॉकचा फेसही (इंजिनचा तो सपाट भाग जिथे हे रबर टेकतं) नव्हता, प्रेशर तर नव्हतंच. मागच्या वेळी मी छातीठोकपणे सांगितलं होतं की गॅस्केटचं रबर हलकं येऊन राहिलंय, ते मी मागे घेतो. माझं ऐकून कोणी दुकानदाराशी भांडलं असेल तर त्याची मनापासून माफी मागतो.

गाडी तीच, १९९८ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली, पेंचच्या सिल्लारी गेटवर बरीच वर्षं पर्यटक फिरवून मग माझ्याकडे आली. जंगलातली बारीक धूळ इतकी वर्षं खाल्लेलं इंजिन आहे, म्हणून मला कागद जास्त असलेला फिल्टर हवा होता. जुना बुटका फिल्टर कापून उघडला होता तेव्हा घड्यांमध्ये काळा गाळ गच्च बसलेला होता. (कापायला हॅक्सॉ वापरू नका, लोखंडाचा कीस कागदात जातो आणि मग तो इंजिनातून आला की करवतीतून हेच कळत नाही. मी प्लंबरचा मोठा पाइप कटर वापरतो, कडेने गोल फिरवला की डबा स्वच्छ उघडतो.) कागद उलगडून मोजला तर एक मीटर लांब आणि साडेचार सेंटीमीटर उंच, म्हणजे जेमतेम ४५० चौरस सेंटीमीटर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नागपुरात पारा दहाच्या खाली जातो, २०डब्ल्यू-४० तेल काकवीसारखं घट्ट होतं, आणि एवढ्याशा, तेही गाळाने अर्ध्या भरलेल्या कागदातून ते जायला बघतं तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता सरळ बेअरिंगकडे जातं. कागद जास्त असला की अडथळा कमी, बायपास कमी वेळा उघडतो, गाळ धरायला जागाही जास्त. एवढाच फायदा आहे हो, पण माझ्यासारख्या जुन्या इंजिनाला तो मोठा आहे. मोठा फिल्टर म्हणजे बारीक गाळणारा फिल्टर असं नाही, ते कागदावर आहे, डब्याच्या उंचीवर नाही, आणि त्याने ऑइल प्रेशर वाढतं हेही खरं नाही.

तर डिसेंबरात कामठी रोडवरच्या एका स्पेअरच्या दुकानात जुना फिल्टर घेऊन गेलो, दुकानदाराने त्याच आट्याचा पण दीडपट उंचीचा काढून दिला, डब्यावर एम२० बाय १.५ लिहिलेलं (व्यास वीस मिलीमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलीमीटर), जुन्यावरही तेच, मी खुश. रबराला तेल लावलं, हाताने फिरवला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, इंजिन चालू, वीस मिनिटं थेंब नाही. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो आणि घरी गाडी लावली तर खाली वाटीएवढा डाग.

त्यानंतर जे काही केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं अर्धं तुम्ही पण कराल. आधी पाहिलं जुन्या फिल्टरचं रबर फेसला चिकटून राहिलंय का, दोन रबर एकावर एक बसले की हमखास गळतं. नव्हतं. दुसरा फिल्टर आणला, तेच. तिसरा दुसऱ्या कंपनीचा, तेच. फेसवर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला, कुठून उजेड येतो का बघितलं, नाही. रबरावर ग्रीसचं बोट फिरवून फिल्टर टेकवून काढला, ठसा पूर्ण गोल आला, म्हणजे रबराचा व्यासही बरोबर. मग डोक्यात आलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) अडकला असेल आणि प्रेशर जास्त होऊन राहिलं असेल, पण दिवाळीत बसवलेलं मेकॅनिकल गेज गरम इंजिनला आयडलवर १.२ आणि ३००० आरपीएमला साडेतीन किलो दाखवते, अगदी शहाण्यासारखं. ते गेज बसवायला जो त्रास झाला होता तो सगळा इथे वसूल झाला, नाहीतर मी पंप उघडत बसलो असतो.

रविवारी पेट्रोलने सगळा भाग धुतला, कोरडा केला आणि सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरवर तेल आलं की लगेच काळी रेघ दिसते, गळती कुठून सुरू होते ते कळतं. रेघ एकदा खालून आली, पुसून पुन्हा पावडर टाकली तर डावीकडून, पुन्हा केलं तर वरून. गळती जागा बदलून राहिली होती! रबर फाटलेलं असतं किंवा फेसवर चर असता तर एकाच जागेवरून आली असती. मी खाली पडल्यापडल्या फिल्टरचं शेपूट धरून वरखाली हलवलं आणि फिल्टर हलला. पाऊण फेरा आवळलेला फिल्टर, रबर दाबलेलं, आणि तरी हातात डुगडुग.

काढला. स्टड, म्हणजे ज्या आटेवाल्या पोकळ नळीवर फिल्टर चढतो ती, पुसला. आट्यांच्या बुडाशी पांढरट काहीतरी दिसलं, सुईने ओढलं तर टेफलॉन टेप. पुन्हा सांगतो, ऑइल फिल्टरच्या स्टडवर टेफलॉन टेप! माझ्या आधी कोणीतरी फिल्टर सैल बसतो म्हणून टेप गुंडाळली होती. त्या टेपचा तुकडा सुटून स्टडच्या मधल्या भोकातून गेला असता तर तो गाळलेल्या बाजूला गेला असता, म्हणजे सरळ मेन गॅलरीत, जिथून बेअरिंगला तेल जातं. हे आठवलं तरी पोटात गोळा येतो.

व्हर्नियर लावला तर स्टडचा व्यास १८.९५ मिलीमीटर. एम२० चा स्टड १९.७ च्या वर हवा. वाटलं झिजला असेल. म्हणून फिल्टर परत चढवून गाडी हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे नेली, त्यांनी फिल्टर काढून गाडीखाली वाकून पिच गेजची (आट्यांचं माप घ्यायच्या दातेरी पट्ट्यांची) एक पात लावली, नाही बसली, दुसरी लावली, चपखल बसली, आणि म्हणाले, "हे मिलीमीटरचं नाही बाप्पा, इंचाचं आहे. पाऊण इंच, सोळा आटे. तुम्ही काहून त्याच्यावर मिलीमीटरचा डबा चढवून राहिले?"

झालं, तीन आठवड्यांचं उत्तर त्या एका पातीत होतं.

आता हे नीट समजून घ्या, कारण ही गोष्ट जीवघेणी आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर, इंचाला सोळा आटे म्हणजे पिच १.५८७५. एम२० चा व्यास २०, पिच १.५. पाऊण इंची फिल्टर एम२० च्या स्टडवर चढणारच नाही, तिथे धोका नाही. उलटं मात्र चढतं. एम२० च्या फिल्टरच्या आतल्या आट्यांचं भोक साधारण १८.४ असतं, त्यात १९.०५ चा स्टड जातो आणि आटे एका बाजूला सव्वातीन दशांश मिलीमीटर इतकेच धरतात, जिथे खरं तर आठ दशांश धरायला हवेत. पिचमधला फरक इतका कमी की पाच-सहा आट्यांत तो अडकतही नाही, फक्त "वा, किती मऊ फिरतोय" असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी त्याचं कौतुक केलं होतं. बुटका फिल्टर हलका होता, आधीच्या लोकांनी चेन पान्याने मरेस्तोवर आवळलेला, वर टेप, म्हणून टिकला. उंच फिल्टर आडवा लटकतो, वजन जास्त, इंजिनच्या थरथरीने लिव्हरसारखा हलतो, म्हणून गळला. गळला हे नशीबच, कारण हायवेला आटे सोडून डबा सुटला असता तर तेलाचं अख्खं चेंबर काही सेकंदांत रिकामं.

मग पहिला विचार, स्टडच बदलून एम२० चा टाकायचा. दोन पातळ नट एकमेकांवर लॉक करून तो काढता येतो. काकांनी ठाम नकार दिला, ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, इतक्या वर्षांचा स्टड ओढताना ब्लॉकचे आटे सोबत आले तर कशाला काय करशील. पटलं. स्टड सरळ आहे, घट्ट आहे, आटे सुंदर आहेत, त्याला हात लावायचा नाही, फिल्टरच पाऊण इंची शोधायचा.

आणि पाऊण इंच सोळा म्हटलं की दुकानात केवढं मोठं कपाट उघडतं! वाडीला ट्रॅक्टर आणि ट्रकच्या स्पेअरवाल्याकडे गेलो, त्याने एक ट्रॅक्टरचा फिल्टर समोर ठेवला, लोट्याएवढा, आटे तेच, रबराचा व्यास पण जवळपास तोच, किंमत कारच्या फिल्टरपेक्षा थोडीच जास्त. मन गेलं त्याच्यावर. पण टॉर्च मारून आत बघितलं तर बाहेरच्या छिद्रांमागे रबराची पाळ नाही, म्हणजे अँटी-ड्रेनबॅक (इंजिन बंद असताना तेल मागे उतरू न देणारी पाळ) नाही, आणि मधल्या भोकातून तळाशी बायपासची स्प्रिंगही दिसेना. काही इंजिनांत बायपास फिल्टरच्या हेडमध्ये (फिल्टर ज्यावर चढतो त्या भागात) असतो आणि फिल्टर उभा, तोंड वर करून बसतो, त्यांना या दोन्हीची गरज नाही. माझा फिल्टर आडवा आहे आणि माझ्या जुन्या फिल्टरांत बायपास आतच होता. हा लावला असता तर रात्रभर तेल खाली उतरून रोज सकाळी कोरडी सुरुवात, आणि कागद तुंबला की बेअरिंगला तेलच नाही. लोट्याला नमस्कार केला आणि परत दिला.

शेवटी एका डिझेल कारचा मिळाला. आटे पाऊण इंच सोळा, बायपास साधारण एक बारचा, आणि ड्रेनबॅकची पाळ नारिंगी सिलिकॉनची. काळ्या नायट्राइल रबरपेक्षा मला सिलिकॉनच आवडतं, नायट्राइल उष्णतेने कडक होतं आणि मग तेल धरत नाही, आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत बोनेटखाली काय होत असेल विचार करा. पेन्सिलीने पाळ दाबून बघितली, लगेच परत बसते. दोन उंचीत होता, १२० आणि १०० मिलीमीटर. आधी १२० घेतला. लावताना जाणवलं, फिल्टर चढताना हाताला एक घट्ट, भरीव फिरकी लागते, डुगडुग शून्य. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी खाली पडून हसलो.

पण १२० ला खालच्या बाजूला जागा कमी वाटली. मुलीची खेळायची क्ले घेतली, फिल्टरच्या टोकावर आणि खालच्या अंगाला पेढ्याएवढे गोळे चिकटवले आणि काटोल रोडच्या पुढे एका शेतरस्त्यावर नेऊन जाणूनबुजून खड्ड्यांत आदळली. परत येऊन बघतो तर खालचा पेढा चपटा, जेमतेम तीन मिलीमीटर उरलेला. उभी गाडी बघून जागा मोजू नका, ॲक्सल वर येतं आणि इंजिन माउंटवर डुलतं ते वेगळंच. १२० गेला, १०० आला, पुन्हा पेढे, पुन्हा तोच रस्ता, या वेळी अठरा मिलीमीटर. मस्त.

आता ३१२ किलोमीटर झाले. पावडर अजून पांढरीशुभ्र आहे, रोज सकाळी आधी तीच बघतो. थंड सुरुवातीला टॅपेटचा जो खडखडाट चार-पाच सेकंद चालायचा तो आता एका सेकंदात बंद, प्रेशरचा काटा लगेच उठतो. यात उंचीपेक्षा सिलिकॉनच्या पाळीचा हात जास्त आहे असं माझं मत आहे. तेल सव्वादोनशे मिली जास्त लागलं. याच जातीचा दुसरा फिल्टर कापून कागद मोजला, जवळपास १००० चौरस सेंटीमीटर, जुन्याच्या दुपटीहून जास्त.

आधी ठरवलं होतं की हे जमलं नाही तर रिमोट फिल्टर हेड लावून फिल्टर फेंडरजवळ उभा नेईन, होजचे भावपण काढले होते. आता ते रद्द, दोन होज आणि चार सांधे म्हणजे गळायच्या चार नव्या जागा, आता त्याची गरजच नाही. त्याऐवजी एक नवं डोक्यात आलंय, लिहिता लिहिताच सुचलं. चेंबरच्या ड्रेन प्लगला चुंबक लावायचा. धुळीचे कण त्याला चिकटणार नाहीत, पण रिंगांमधून लोखंडाची झीज किती येऊन राहिली ते दिसेल, आणि १५०० किलोमीटरला फिल्टर कापीन तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल. काकांना उद्या विचारतो प्लगला भोक पाडून चुंबक दाबून बसवता येईल का.

बोनेटच्या आत पांढऱ्या ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: फिल्टर पाऊण इंच १६ आटे, एम२० लावू नये. टेफलॉनचा तो तुकडा डबीत जपून ठेवलाय. आणि आमच्या नागपूरच्या ग्रुपमधल्या ज्यांच्या जुन्या जिप्सी, जीप आहेत आणि फिल्टर "एकदम मऊ" चढतो, त्यांनी गाडी चालवायच्या आधी फिल्टर काढून स्टडला व्हर्नियर लावा. व्हर्नियर नसेल तर शनिवारी माझ्याकडे या, पिच गेज आता मी पण घेतलंय.